चीनमधल्या विद्यार्थी संस्थेतलं पद सोडताना: ज्याओजिए नीट कसं करावं

पदवी संपत आली, शांघाय किंवा शेनझेनमध्ये नोकरी लागली, आणि विद्यापीठातल्या स्वयंसेवक मंडळाचं पद मात्र अजून अंगावरच आहे. चीनमध्ये शिकून तिथेच कामाला लागणाऱ्या परदेशी मुलामुलींची ही नेहमीची अवस्था. पद सोपवायचं म्हणजे एक फाईल तयार करायची, चार पासवर्ड द्यायचे आणि ग्रुपवर निरोपाचा मेसेज टाकायचा, असं वाटतं. पण तिथे मंडळाचं काम कागदावर कमी आणि एखाद्याच्या फोनमध्ये जास्त असतं. ग्रुपची मालकी तुमच्या वीचॅटवर, म्हणजे व्हॉट्सॲपसारख्या चिनी ॲपवर, असते, बातमीपत्राचं खातं कुणाच्या तरी चेहऱ्याच्या पडताळणीवर चालतं, आणि ज्या शाळेत तुम्ही शनिवारी मुलांना शिकवायला जाता तिथल्या शिक्षिका मंडळाला ओळखतच नाहीत, त्या तुम्हाला ओळखतात. त्यामुळे हस्तांतरणात, म्हणजे चिनी भाषेत ज्याओजिएमध्ये, सगळ्यात सोपा भाग फाईलचा. वेळ खातात ती खाती आणि माणसं.

पुढचं सगळं मुख्य भूमीवरच्या चीनला धरून आहे. हाँगकाँग आणि तैवानची तऱ्हा वेगळी, त्याबद्दल शेवटाकडे थोडं.

मुहूर्त

चिनी विद्यापीठात पदाधिकारी बदलण्याला ह्वानजिए म्हणतात आणि बहुतेक मंडळांत ते मे-जूनमध्ये होतं. याचं कारण परीक्षेच्या वेळापत्रकात आहे. चौथ्या वर्षाची मुलं इंटर्नशिप आणि डिसेंबरमधल्या पदव्युत्तर प्रवेश परीक्षेच्या मागे असतात, म्हणून तिसऱ्या वर्षाच्या शेवटी सगळे पदं खाली ठेवतात आणि पहिल्या-दुसऱ्या वर्षाची मुलं वर येतात. जूनच्या मध्यावर सत्रपरीक्षा, जुलै-ऑगस्टमध्ये वसतिगृहं ओस. सप्टेंबरमध्ये नव्या मुलांचं लष्करी प्रशिक्षण आणि पाठोपाठ मंडळांची भरती. म्हणजे मे महिन्यात सुरुवात केली नाही तर थेट ऑक्टोबरच्या राष्ट्रीय सुट्टीनंतरच कुणी तुमच्याशी निवांत बोलेल. तोवर तुम्ही नोकरीत पुरते बुडालेले असाल.

तुमची नोकरी भलत्याच महिन्यात सुरू होत असेल तर ह्वानजिएची वाट बघू नका, पण ते गाठता येत असेल तर गाठा. सगळे एकत्र बदलत असताना तुमचं जाणं नैसर्गिक दिसतं. अधेमध्ये गेलात की ‘काही भांडण झालं का’ अशी कुजबुज सुरू होते.

सहा आठवडे धरून चाला. पहिल्या आठवड्यात तुमच्या नावावर काय काय आहे त्याची यादी, दुसऱ्यात मार्गदर्शक शिक्षकांशी बोलणं आणि वारसदार ठरवणं. तिसऱ्यापासून सहाव्यापर्यंत प्रत्यक्ष काम सोबत करणं, सहाव्याच्या अखेरीस खाती बदलणं. खाती शेवटी का? कारण मालकी एकदा गेली की लोक तुम्हाला विचारायचं थांबतात. ते चांगलंच, पण नवीन माणसाला अजून उत्तरं माहीत नसतील तर तो तोंडघशी पडतो.

आधी कुणाला सांगायचं

इथे क्रम चुकला की पुढचं सगळं जड जातं. पहिले मार्गदर्शक शिक्षक. 2020 मध्ये शिक्षण मंत्रालय आणि कम्युनिस्ट युवक संघटनेच्या केंद्रीय समितीने काढलेल्या नियमांनुसार विद्यापीठातल्या प्रत्येक विद्यार्थी मंडळाला मार्गदर्शक शिक्षक असावाच लागतो, आणि मंडळाच्या कामाचं उत्तर वर त्यांनाच द्यावं लागतं. त्यांना तुमच्या जाण्याची बातमी ग्रुपवरून कळली तर तुम्ही त्यांचं मिएन्त्स, म्हणजे लोकांतली पत, घालवलीत. ते काही बोलणार नाहीत. फक्त पुढच्या वेळी खोलीच्या परवानगीचा अर्ज त्यांच्या टेबलावर तीन आठवडे पडून राहील.

शिक्षकांनंतर मंडळाचा अध्यक्ष, म्हणजे शजांग. मग तुमच्या विभागातले सहकारी, मग वारसदार, आणि सगळ्यात शेवटी मोठा ग्रुप. प्रत्येक टप्प्यात एक-दोन दिवसांचं अंतर ठेवा. शिक्षकांना मेसेजवर सांगू नका. भेटीची वेळ मागा, ऑफिसात जा, पाच मिनिटं बोला. बोलायचं काय, तर ‘मला वेळ नाही’ असं नाही. चिनीत यासाठी ‘पा दानवू’ असं म्हणतात, म्हणजे माझ्यामुळे कामाचा खोळंबा होईल अशी भीती वाटते. ‘लाओशी (शिक्षकांना हाक मारायचा शब्द), नोकरीमुळे माझा वेळ कमी पडतो, मंडळाच्या कामाचा खोळंबा होईल अशी भीती वाटते, म्हणून योग्य माणूस सुचवायला आले आहे.’ तुम्ही जबाबदारी झटकत नाही आहात, जबाबदारीची काळजी करताय, हे या एका शब्दात पोचतं. आणि वारसदाराचं नाव ‘ठरवलं’ असं सांगू नका, ‘सुचवते’ म्हणा. शिक्षक नव्वद टक्के वेळा तेच नाव मान्य करतात, पण मान्य करण्याची संधी त्यांना द्यावी लागते.

वारसदार एक नको, दोन हवेत

परदेशी विद्यार्थी बहुधा एखाद्या विभागाचे प्रमुख, म्हणजे बूजांग, असतात किंवा परदेशी स्वयंसेवकांचा समन्वय बघतात. अशा पदाला परदेशीच वारसदार हवा असं वाटणं साहजिक आहे. पण बातमीपत्राचं खातं, खोलीचा अर्ज, स्वयंसेवेच्या तासांची नोंद, या गोष्टी चिनी ओळखपत्राशी आणि विद्यापीठाच्या अंतर्गत प्रणालीशी जोडलेल्या असतात. परदेशी पासपोर्टवर त्या कधी चालतात, कधी मध्येच अडतात. म्हणून जोडी निवडा: खाती आणि अर्ज सांभाळायला दुसऱ्या वर्षाची चिनी मुलगी किंवा मुलगा, माणसं सांभाळायला परदेशी विद्यार्थी. दोघांच्या कामाची हद्द मात्र लेखी ठेवा. नाहीतर दोघंही दुसऱ्याने केलं असेल असं धरून बसतात.

‘करशील का?’ असं विचारल्यावर मिळणारी उत्तरं ऐकायला शिका. ‘यिंगगाई मेइ वेंती’, म्हणजे ‘बहुधा हरकत नाही’, हा होकार नाही. ‘काओल्यू यिशिया’, म्हणजे विचार करते, हा सभ्य नकार असू शकतो. ‘बू ताई फांगब्येन’, म्हणजे जरा गैरसोयीचं आहे, हा तर स्पष्टच नकार. आणि ‘झाई श्वो बा’, म्हणजे नंतर बघू, हा विषय तिथेच संपला. खरा होकार प्रश्नांतून दिसतो. ‘किती वेळ लागतो, दर आठवड्याला यावं लागतं का, पैसे कोण भरतं’ असं विचारू लागला तर माणूस मिळाला समजा. गप्पपणे मान डोलावली तर आणखी एकाला विचारून ठेवा.

तुम्ही त्यांचे वरिष्ठ, श्वेजांग किंवा श्वेजिए. खालच्या वर्षातली मुलं वरिष्ठांना तोंडावर नाही म्हणत नाहीत. म्हणून एकट्याला गाठून विचारण्यापेक्षा त्यांच्याच वर्गातल्या कुणाकडून आधी कानोसा घेतलेला बरा.

काम सोबत करणं

चार शनिवार पुरतात. पहिल्या दोन वेळा तुम्ही चालवा, ते बघतील आणि टिपून घेतील. तिसऱ्या वेळी ते चालवतील, तुम्ही मागच्या बाकावर बसा आणि मुलांना पाणी देण्यापलीकडे काही करू नका. चौथ्या वेळी तुम्ही जाऊच नका, पण फोन चालू ठेवा. चौथ्या शनिवारी जे फोन येतात तीच तुमच्या हस्तांतरणातली भोकं. बहुतेक वेळा पहिला फोन शाळेच्या फाटकावरून येतो.

चिनी शाळेत बाहेरच्या माणसाला सहजी आत घेत नाहीत. पहारेकऱ्याकडे नावांची यादी आधी जावी लागते, चिनी स्वयंसेवकांचा ओळखपत्र क्रमांक आणि परदेशींचा पासपोर्ट क्रमांक त्यात असतो, आणि परदेशी येणार असतील तर शाळेला वरच्या कार्यालयाला कळवावं लागू शकतं. या आगाऊ कळवण्याला बाओबेइ म्हणतात. यादी कुणाला, कोणत्या वारी, किती वाजेपर्यंत पाठवायची, हे तुमच्या डोक्यात पक्कं बसलेलं असतं म्हणून तुम्ही ते लिहीत नाही. आणि नेमकं त्यावरच पुढची टीम अडकते.

दुसरा नेहमीचा घोळ बदली दिवसांचा. चीनमध्ये सलग सुट्टी जुळवण्यासाठी आसपासचा शनिवार किंवा रविवार कामाचा दिवस करतात, त्याला त्याओशिउ म्हणतात. त्या शनिवारी शाळाही भरते आणि स्वयंसेवकांचे वर्गही. पुढच्या वर्षाच्या सुट्ट्यांचं सरकारी पत्रक आदल्या वर्षाच्या अखेरीस निघतं. ते निघाल्याबरोबर असे शनिवार कॅलेंडरवर लाल करायचे, हे वारसदाराला सांगून ठेवा.

हस्तांतरणाचा कागद तुम्ही लिहू नका. वारसदाराला लिहू द्या, सोप्या चिनी लिपीत, दोन पानांत, आणि तुम्ही तो तपासा. त्यांच्या कागदात जे नाही ते तुम्ही सांगितलं नाही, हे लगेच दिसतं. शिवाय पुढे तो कागद शिक्षक वाचतात. परदेशी माणसाने इंग्रजीत लिहिलेली वीस पानं कुणी उघडत नाही. कागदात किमान एवढं हवं: वर्षाचा कार्यक्रम महिन्यांनुसार, प्रत्येक बाहेरच्या संस्थेत बोलायचं माणूस आणि त्यांना कसं संबोधायचं, किती मुलांमागे किती स्वयंसेवक लागतात, साहित्य कुठल्या कपाटात आहे आणि किल्ली कुणाकडे, आणि मागच्या वर्षी फसलेल्या दोन-तीन गोष्टी. फसलेल्या गोष्टींत कुणाचं नाव घालू नका. कागद फिरतो.

वीचॅट

इथे घाई करू नका. मंडळाचा संसार इथेच आहे.

वीचॅटच्या गप्पा कुठल्या सर्व्हरवर साठत नाहीत, त्या फोनमध्येच राहतात. नवीन माणूस ग्रुपमध्ये आला की त्याला त्याच्या येण्याआधीचं काहीच दिसत नाही. दोन वर्षांपूर्वी शाळेशी काय ठरलं ते फक्त तुमच्या फोनमध्ये आहे. तुम्ही फोन बदलताना गप्पा हलवल्या नाहीत तर तेही गेलं. म्हणून आधी महत्त्वाचे संवाद शोधा आणि निवडक मेसेज एकत्र करून पुढे पाठवण्याची जी सोय आहे ती वापरून वारसदाराकडे पाठवा. फाईली मात्र अशा पाठवून भागत नाही. वीचॅटवर आलेली फाईल वेळेत उघडली नाही तर ती कालबाह्य होते आणि नंतर नुसतं नाव उरतं. सगळ्या फाईली टेन्सेंट डॉक्स किंवा फेइशू या ऑनलाइन दस्तऐवज सेवांवर किंवा विद्यापीठाच्या ड्राइव्हवर ठेवा. मंडळाचा क्यूक्यू या दुसऱ्या चिनी चॅट ॲपवर ग्रुप असेल तर त्याच्या फाईल विभागातही ठेवता येतात. चिनी विद्यापीठांत क्यूक्यू अजून जिवंत आहे तो याच कारणाने. गूगल ड्राइव्ह मुख्य भूमीवर उघडत नाही. तुम्हाला कंपनीच्या नेटवर्कवरून उघडत असेल, दुसऱ्या वर्षाच्या मुलाला वसतिगृहातून नाही उघडणार.

ग्रुपची मालकी: ग्रुपच्या माहितीत जा, व्यवस्थापन उघडा, मालकी हस्तांतरित करा, नवीन माणसाच्या नावावर टिचकी मारा. अर्ध्या मिनिटाचं काम. पण ते न करता ग्रुप सोडलात तर मालकी आपोआप तुमच्यानंतर ग्रुपमध्ये आलेल्या पहिल्या सदस्याकडे जाते. हा बहुधा तीन वर्षांपूर्वी पदवी घेऊन गेलेला कुणी असतो, ज्याने ग्रुप आवाज बंद करून ठेवलाय. मग सूचना लावता येत नाही, कुणाला काढता येत नाही, आणि मालकी परत मिळवायला त्या माणसाच्या मागे लागावं लागतं. मालकासोबत तीन व्यवस्थापक नेमता येतात. दुसरा वारसदार तिथे ठेवा.

ग्रुपच्या क्यूआर कोडबद्दल दोन आकडे लक्षात ठेवायचे. कोड 7 दिवस चालतो. आणि ग्रुपमध्ये 200 माणसं झाली की कोडने आत येताच येत नाही, आतल्या कुणीतरी एकेकाला बोलवावं लागतं. भरतीच्या फलकावर जुना कोड छापला की सप्टेंबरच्या दुसऱ्या आठवड्यात तो मेलेला असतो. हे दर वर्षी, दर मंडळात होतं.

मंडळाचं बातमीपत्राचं सार्वजनिक खातं हा सगळ्यात अवघड तुकडा. खातं संस्थेच्या नावावर असेल तर ॲडमिन बदलता येतो, नव्या ॲडमिनच्या ओळखपत्राची आणि चेहऱ्याची पडताळणी होते. खातं कुण्या विद्यार्थ्याच्या वैयक्तिक नावावर काढलं असेल तर खात्याचा धनी तोच माणूस. तिथे मालकी सरळ बदलत नाही. अशा वेळी त्या माणसाकडून वारसदाराला चालक, म्हणजे खातं हाताळायची मुभा असलेला माणूस, म्हणून जोडून घ्या. ॲडमिनला 5 दीर्घकालीन आणि 20 अल्पकालीन चालक जोडता येतात. अल्पकालीन जोडणी महिनाभरात संपते, म्हणून दीर्घकालीनच मागा. ही जोडणी तुम्ही अजून चीनमध्ये आणि त्या माणसाच्या संपर्कात असतानाच करा, कारण लेख प्रसारित करायलाही फोनवरून कोड स्कॅन करावा लागतो, आणि ज्याचा फोन लागतो तो रात्री अकराला झोपलेला असला की लेख दुसऱ्या दिवशी.

टेन्सेंट डॉक्समधल्या हजेरीपत्रकांचा मालक बदला, नुसता वाटा देऊन थांबू नका. भरतीचे आणि अभिप्रायाचे फॉर्म वेनज्वानशिंगसारख्या सेवेवर असतील तर ते एखाद्याच्या वैयक्तिक लॉगिनखाली असतात. उत्तरं डाउनलोड करून घ्या आणि नवीन फॉर्म वारसदाराच्या नावाने सुरू करा. बायडूच्या ड्राइव्हवरचे दुवे देताना मुदत बघा. सातच दिवसांचा दुवा दिला तर आठव्या दिवशी शिव्या तुम्हालाच.

माणसं सोपवणं

नुसतं कुणाचं वीचॅट कार्ड पाठवून ‘यांच्याशी बोला’ म्हणणं चीनमध्ये ओळख करून देणं ठरत नाही. समोरचा विनंती स्वीकारेल, ‘नमस्कार’ म्हणेल आणि पुढे काही होणार नाही. ओळख लागते ती तुमच्या हजेरीत, कारण समोरच्याचा विश्वास तुमच्यावर आहे आणि तोच तुम्ही पुढे देताय. ग्वानशी म्हणतात ते हेच, आणि ते उचलून हातात देता येत नाही. हळूहळू वाटावं लागतं.

पद्धत अशी. प्रत्येक बाहेरच्या माणसासाठी तिघांचा छोटा ग्रुप काढा: ते, तुम्ही, वारसदार. याला ‘ला छ्युन’ म्हणतात, म्हणजे ग्रुपमध्ये ओढणं. आधी त्यांना वेगळ्या मेसेजमध्ये विचारा की ग्रुप काढला तर चालेल का. पहिला मेसेज तुमचा, आणि त्यात वरिष्ठ माणसाची ओळख आधी: ‘वांग लाओशी दोन वर्षं आमच्या गटाची खूप काळजी घेत आल्या आहेत.’ मग वारसदाराचं नाव, वर्ष, विषय, आणि तुमच्यासोबत त्यांनी केलेलं एखादं काम. मग वारसदाराने लगेच, पाच-दहा मिनिटांच्या आत, ‘लाओशी, पुढे आपल्या मार्गदर्शनाची अपेक्षा आहे’ असं लिहायचं. उशीर केला तर तो अनादर दिसतो, म्हणून वेळ आधी ठरवून घ्या. शेवटी तुम्ही ‘शिनकू ला’, तुम्ही फार कष्ट घेतलेत, असं म्हणून आभार माना.

त्यानंतर प्रत्यक्ष भेट, एक तरी. शाळेच्या शिक्षिका, वस्ती समितीच्या ताई, साहित्य देणाऱ्या दुकानाचे मालक, ज्यांच्यावर काम अडून आहे त्यांना तरी वारसदाराला घेऊन भेटा. बोलणं वारसदाराने करायचं. फळं किंवा मुलांनी काढलेली चित्रं नेली तर छान. घड्याळ भेट देऊ नका. घड्याळ देणं आणि अंत्यविधीला हजर राहणं या दोन्हींचा चिनी उच्चार एकच आहे. सरकारी शाळेतल्या शिक्षकांना महागडी भेट तर अजिबात नको, त्यांच्यावर भेटी न घेण्याचे नियम आहेत आणि तुम्ही त्यांना अडचणीत टाकाल.

एक गोष्ट परदेशी लोकांच्या ध्यानात उशिरा येते. ग्रुपवर सूचना टाकल्यावर खाली ‘शोउदाओ’ची रांग लागते. त्याचा अर्थ ‘मिळालं’ एवढाच. पटलं, येतो, करतो, यातलं काहीही नाही. ज्याच्याकडून काम हवंय त्याला वेगळा मेसेज करायचा, हे वारसदार परदेशी असेल तर आवर्जून सांगा.

आणि कुणाची चूक कधीच मोठ्या ग्रुपवर दाखवायची नाही, हेही.

पैसे

मंडळाचे पैसे कुणाच्या तरी वैयक्तिक वीचॅट पाकिटात असणं ही सर्रास आढळणारी आणि सर्वात धोकादायक सवय. बसभाडं, छपाई, मुलांचा खाऊ, सगळं तिथून जातं. सोपवण्याच्या आधी पाकिटाचा तपशील काढा. वीचॅट पाहिजे त्या काळाची व्यवहारयादी ईमेलवर पाठवतं. मंडळाचे व्यवहार वेगळे करा, शिल्लक काढा, आणि तिसऱ्या माणसासमोर, बहुधा खजिनदारासमोर, वारसदाराकडे हस्तांतरित करा. लाल पाकीट, म्हणजे वीचॅटवरून भेट म्हणून पैसे पाठवण्याची सोय, वापरू नका: त्याला 200 युआनची मर्यादा आहे आणि ते भेट दिसतं, हिशेब दिसत नाही. सरळ हस्तांतरण करा आणि टिपणीत कारण लिहा.

विद्यापीठाकडून परत घ्यायच्या खर्चाला फापियाओ, म्हणजे अधिकृत कर-पावती, लागते. त्यावर विद्यापीठाचं पूर्ण नाव आणि कर क्रमांक बरोबर असला पाहिजे. एक अक्षर चुकलं तरी लेखा विभाग परत पाठवतो, आणि दुकानाकडून दुरुस्त करून आणायला तुम्ही शहरात हवे. त्यामुळे अडकलेल्या पावत्या सोपवू नका, निपटवून जा. डिसेंबरमध्ये विद्यापीठांचे वर्षाचे हिशेब बंद होतात. त्यानंतर आलेली जुन्या वर्षाची पावती बहुतेक बुडते.

देणग्या गोळा करण्याची जुनी पद्धत तुमच्या मंडळात असेल तर ती पुढे सोपवू नका, बंद करून जा. 2016 च्या धर्मादाय कायद्यानुसार आम जनतेकडून निधी गोळा करायला संस्थेला वेगळी परवानगी लागते, आणि विद्यार्थी मंडळाकडे ती नसते. मोमेंट्सवर, म्हणजे वीचॅटच्या पोस्ट टाकायच्या भिंतीवर, क्यूआर कोड टाकून पैसे मागणं हे वारसदाराच्या डोक्यावर टांगलेलं ओझं आहे. निधी हवाच असेल तर परवानगी असलेल्या प्रतिष्ठानासोबत.

तुमची स्वतःची कायदेशीर बाजू

नोकरी लागल्यावर तुमचा निवास परवाना कामाचा होतो आणि काम त्या परवान्यात लिहिलेल्या मालकाशी बांधलेलं असतं. 1 जुलै 2013 पासून लागू असलेल्या प्रवेश-निर्गमन कायद्यानुसार परवान्याच्या व्याप्तीबाहेर काम करणं बेकायदा नोकरी ठरतं, दंड 5,000 ते 20,000 युआन, गंभीर प्रकरणात 5 ते 15 दिवसांची कोठडी. बिनपगारी स्वयंसेवा आणि काम यांतली रेघ तुम्ही स्वतः आखू नका. हस्तांतरणाच्या काळातही मंडळात दिसणार असाल तर कंपनीच्या मनुष्यबळ विभागाकडून लेखी होकार घ्या आणि पदाच्या नावाऐवजी ‘माजी सदस्य’ म्हणून वावरा.

मंडळ भारतातल्या किंवा दुसऱ्या देशातल्या संस्थेची शाखा म्हणवून घेत असेल तर अधिक जपा. 1 जानेवारी 2017 पासून परदेशी अशासकीय संस्थांचा कायदा लागू आहे. नोंदणीकृत प्रतिनिधी कार्यालय नसेल तर चिनी भागीदारामार्फत तात्पुरत्या उपक्रमाची नोंद पोलिसांकडे 15 दिवस आधी करावी लागते, आणि मुख्य भूमीवर निधी गोळा करता येत नाही. अशा मंडळाचं पद सोपवताना नोंदीचे कागद, भागीदाराचं नाव आणि नोंद संपण्याची तारीख पहिल्या पानावर.

मुलांची माहिती आणि स्वयंसेवकांचे तास

मुलांची नावं, पालकांचे फोन, फोटो. 1 नोव्हेंबर 2021 ला लागू झालेल्या वैयक्तिक माहिती संरक्षण कायद्यात 14 वर्षांखालच्या मुलांची माहिती संवेदनशील धरली आहे आणि पालकांची संमती लागते. यादी वारसदाराकडे गेल्यावर तुमच्या फोनमधून, लॅपटॉपमधून आणि कंपनीच्या संगणकातून पुसा. तुम्ही भारतात परतणार असाल तर ती माहिती देशाबाहेर नेऊच नका.

स्वयंसेवेचे तास ही मात्र लोक विसरतात ती गोष्ट. चिनी मुलांना हे तास शिष्यवृत्तीसाठी, ‘दुसरा वर्ग’ नावाच्या उपक्रम-गुणपत्रकासाठी लागतात. तुमच्या काळातले तास तुम्हीच तपासून प्रणालीत टाका. तुम्ही गेल्यावर ते कुणी प्रमाणित करू शकत नाही, आणि चाळीस मुलांचे बारा-बारा तास बुडले तर तुमच्या वारसदाराला पहिल्याच महिन्यात चाळीस नाराज चेहरे भेटतात.

हाँगकाँग आणि तैवान

हाँगकाँगमध्ये कार्यकारिणी म्हणजे ‘चोंग’. पद घेण्याआधी जुने आणि नवे रात्र-रात्र बसून वर्षाचा आराखडा घासून काढतात, त्याला ‘खिंग चोंग’ म्हणतात. तुम्ही नोकरीत असाल तर निदान दोन रात्री जा. न आलेल्या माजी पदाधिकाऱ्याचा फोन नंतर कुणी मनावर घेत नाही. संपर्क व्हॉट्सॲपवर.

तैवानमध्ये लाइन चालतं, कागद पारंपरिक लिपीत, आणि तारीख प्रजासत्ताकाच्या सनात: 2025 म्हणजे 114. हस्तांतरणाची सूची दोन्ही बाजूंच्या सहीने विद्यापीठाच्या मंडळ विभागाला द्यावी लागते. बँक किंवा टपाल खात्याचं पुस्तक दोन शिक्क्यांवर चालतं, एक मंडळाचा आणि एक जबाबदार व्यक्तीचा. तुमचा शिक्का खात्यावर आणि तुम्ही दुसऱ्या देशात, अशी गाठ पडली तर पैसे महिनोन्‌महिने अडकतात. शिक्का बदलायला वारसदारासोबत काउंटरवर स्वतः जा.

गेल्यावर

ग्रुप लगेच सोडू नका, पण उत्तरंही देऊ नका. महिनाभर कुणी विचारलं की ‘हे आता श्वेमेइ (खालच्या वर्षातली मुलगी) बघते’ म्हणून वारसदाराला टॅग करा, उत्तर माहीत असलं तरी. उत्तर तिला वेगळ्या मेसेजमध्ये द्या, ती ग्रुपवर देईल. दुसऱ्या महिन्यात तिघांच्या ग्रुपमध्ये गप्प राहा; तिसऱ्यात आभार मानून बाहेर पडलात तरी चालतं. भारतातून बोलणार असाल तर चीन अडीच तास पुढे आहे, रात्री साडेआठला पाठवलेला तुमचा मेसेज तिकडे अकराला पोचतो.

चिनी सिमकार्ड सगळ्यात शेवटी बंद करा. वीचॅट, टेन्सेंट डॉक्स, खात्यांचे पडताळणी कोड, सगळं त्या नंबरवर येतं, आणि बंद केलेला नंबर काही काळाने दुसऱ्या कुणाला मिळतो. आधी प्रत्येक खात्यात नंबर बदलून घ्या. पाकिटात मंडळाचा युआनही उरलेला नाही हे बघा. मगच काउंटरवर पासपोर्ट घेऊन जा.